डिकीत काय आहे?

मुलुंडला एलबीएस मार्गावर बसचा कंडक्टर आजही 'चेकनाका' असा पुकारा करतो. नाक्यावर चेक करायला आता कोणी बसलेले नसते. नाव जकातीच्या काळातले आहे. मुंबईत शिरणारा ट्रक दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द अशा कुठल्या तरी वेशीवर थांबायचा, ड्रायव्हर मालाचे कागद घेऊन खिडकीपाशी जायचा आणि जकात भरून पुढे निघायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात इतिहासजमा झाली. पुढे १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. आता या नाक्यांवरून मोटारीने मुंबईत येणाऱ्याला पैशासाठी कोणी थांबवत नाही. थांबवतात ते पोलीस, आणि तेही एखाद्या रात्री.

जकात कारकुनाचा आणि गाडीवाल्याचा व्यवहार सरळ होता. माल दाखवा, दर बघा, पावती घ्या. पोलिसाने खिडकीवर टकटक केली की काच खाली घेणाऱ्या माणसाला तो नेमका काय शोधतो आहे हे कळत नाही. लायसन्स? दारू? चोरीची गाडी? की शेवटचा प्रश्न, जो विचारला की गाडीतली बायकामुले एकदम गप्प होतात: डिकी उघडता का जरा?

डिकी उघडून अमली पदार्थांचे किती गुन्हेगार सापडतात, हा या प्रकरणाचा विषय आहे. उत्तर आधीच सांगतो. सापडतात, पण बहुतेक वेळा डिकी उघडण्यापूर्वीच तिच्यात काय आहे हे पोलिसांना ठाऊक असते.

उपनगरांतली रात्रीची नाकाबंदी दोन गोष्टींनी घडवली. जून २००७ पासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध जोराची मोहीम उघडली आणि 'फुंका' हा शब्द शनिवार रात्रीचा भाग झाला. पुढच्याच वर्षी २६/११ चा हल्ला झाला आणि बॅरिकेड कायमची रस्त्यावर आली. दारूच्या बाबतीत नाकाबंदीचे काम चोख आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ने मर्यादा घालून दिली आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. हातातले यंत्र ती काही सेकंदांत मोजते आणि वाद मिटतो. त्याच कलमात अमली पदार्थाच्या नशेचाही उल्लेख आहे, पण तिथे आकडा नाही. गाडीवर ताबा ठेवता येऊ नये इतकी नशा असली पाहिजे, एवढेच म्हटले आहे. फुंकण्याच्या नळीला गांजा कळत नाही, एमडी तर नाहीच. त्यासाठी दवाखाना, रक्ताचा नमुना आणि प्रयोगशाळा लागते. रात्री दोन वाजता पश्चिम द्रुतगती महामार्गावर दोनशे गाड्यांची रांग लागलेली असताना एवढा खटाटोप कोण करणार?

त्यात माल लहान. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पेडलरांच्या भाषेत म्याव म्याव. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. तोवर ते विकणाऱ्याला पकडून काय लावायचे, हा पोलिसांपुढचा खराखुरा प्रश्न होता. आता त्याची अल्प मात्रा २ ग्रॅमपर्यंत आणि व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅमच्या वर धरतात. व्यावसायिक मात्रेला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ दुरापास्त. हे पन्नास ग्रॅम म्हणजे तळहातावर मावेल एवढी पुडी. गांजाची व्यावसायिक मात्रा वीस किलो आहे. वीस किलो गांजाला डिकी लागते, वास येतो. पन्नास ग्रॅम एमडीला स्कूटरच्या हँडलखालचा कप्पा पुरतो आणि तेही जड झाले तर खिसा आहेच. कायद्याच्या नजरेत दोघांचे वजन सारखे. नाक्यावरच्या हवालदाराच्या नजरेत मात्र एक हत्ती आहे आणि एक मुंगी.

इथे थोडे गणित करू. आकडे माझ्या मनचे आहेत, हिशेब मात्र खरा आहे. समजा, रात्रभरात एका नाक्यावरून दहा हजार गाड्या गेल्या आणि त्यांतल्या दहांमध्ये माल होता. नाक्यावरचा फौजदार इतका तयार आहे की, दहापैकी नऊ गाड्या तो चेहरा बघून हेरतो, आणि निर्दोष माणसावर संशय घेण्याची चूक शंभरात फक्त पाच वेळा करतो. एवढा तरबेज माणूस खात्यात विरळाच. तरी तो सुमारे पाचशे नऊ गाड्या उघडेल आणि माल सापडेल नऊ गाड्यांत. पाचशे लोक बायकामुलांसह रस्त्याच्या कडेला उभे राहतील. चूक फौजदाराची नाही. जी गोष्ट मुळातच विरळ असते, ती नजरेने शोधायला निघाले की असेच होते.

मग कॅमेरे का नकोत? कॅमेरे आले. २६/११ नंतरच्या राम प्रधान समितीने शहरावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेची गरज सांगितली, बरीच वर्षे निविदांच्या घोळात गेली, अखेर एल अँड टीला काम मिळाले आणि ऑक्टोबर २०१६ पर्यंत सुमारे ४,७०० कॅमेरे मुंबईभर बसले. ई-चलानही त्याच महिन्यात सुरू झाले. आज अंधेरीच्या सिग्नलवर पांढरा पट्टा ओलांडला की संध्याकाळी मोबाइलवर दंडाचा मेसेज येतो. नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, टोलवर फास्टॅग, एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट: गाडी कुठून कुठे गेली याची नोंद आता गाडीवाल्याच्या स्मरणशक्तीपेक्षा पक्की असते.

या नोंदीची ताकद बघायची तर पुन्हा मुलुंडला यावे लागेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुकेश अंबानींच्या घराजवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली. ती मुलुंड-ऐरोली रस्त्यावरून चोरीला गेल्याची तक्रार आधीच झाली होती. स्कॉर्पिओच्या मागे एक पांढरी इनोव्हा होती. ती इनोव्हा मुलुंड टोलनाक्यावरून ठाण्याकडे जाताना कॅमेऱ्यात दिसली. पुढे एनआयएच्या तपासात इनोव्हा मुंबई गुन्हे शाखेच्याच ताफ्यातली निघाली आणि सुरुवातीला या प्रकरणाचा तपास करणारे सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांनाच १३ मार्चला अटक झाली. नाक्यावरचा कॅमेरा गणवेश ओळखत नाही, हे त्याचे मोठेपणच म्हणायचे.

पण या गोष्टीत कॅमेऱ्याने नेमके काय केले? गाडी संशयित ठरल्यानंतर ती कुठे कुठे गेली, हे सांगितले. संशय दुसरीकडून आला होता. तो कॅमेरा इनोव्हाच्या आत काय आहे हे सांगू शकत नव्हता आणि तिच्या पुढून-मागून गेलेल्या हजारो गाड्यांबद्दल त्याला काहीच म्हणायचे नव्हते. अमली पदार्थांच्या तपासातही कॅमेऱ्याची जागा हीच. नाव कळले की वाट दाखवतो. नाव सांगत नाही.

नाव कुठून येते, हे उपनगरांतल्या मोठ्या प्रकरणांकडे बघितले की कळते. मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी कक्षाचे पाच विभाग आहेत: आझाद मैदान, वरळी, वांद्रे, घाटकोपर आणि कांदिवली. शिवाय गुन्हे शाखेचे कक्ष आणि साधी पोलीस ठाणी.

मार्च २०२२ मध्ये गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये एका विक्रेत्याकडे २५० ग्रॅम एमडी सापडले. कक्षाचे लोक त्याच्या वरचा माणूस, त्याच्या वरचा, असे चढत गेले. ऑगस्टमध्ये नालासोपाऱ्यात सुमारे ७०० किलो एमडी हाती लागले, किंमत १,४०० कोटींच्या घरात सांगितली गेली. तिथूनही दोरा पुढे गेला आणि गुजरातमधल्या अंकलेश्वरच्या कारखान्यात ५१३ किलो सापडले.

ऑगस्ट २०२३ मध्ये साकीनाका पोलिसांनी एकाला १० ग्रॅम एमडीसह पकडले. दहा ग्रॅम! वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या असत्या तरी पुष्कळ. पण ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी चौकशी सोडली नाही. एकामागून एक माणसे पकडत ते ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या कारखान्यात पोहोचले. एकूण जप्ती दीडशे किलोच्या आसपास, किंमत ३०० कोटी. त्याच महिन्यात पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळालेला या प्रकरणातला मुख्य आरोपीही साकीनाका पोलिसांनीच बंगळुरूजवळ पकडला आणि 'ललित पाटील प्रकरण' महाराष्ट्रभर गाजले. लक्षात घ्या, हे विशेष पथकाचे काम नव्हते. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या नेहमीच्या पोलीस ठाण्याचे होते.

आणि फेब्रुवारी २०२४. गुन्हे शाखेच्या घाटकोपर कक्षाने कुर्ल्यात एका महिलेला ६४१ ग्रॅम एमडीसह पकडले. तिच्यापासून मीरा रोड, मग सुरत, आणि मार्चअखेर थेट सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यातले इरळी गाव. द्राक्षांच्या त्या मुलखात एमडीचा कारखाना निघाला, १२२ किलोंहून अधिक तयार माल, २४५ कोटींचा.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. अंकलेश्वर-सुरतेचा रस्ता दहिसरला शहरात येतो, नाशिकचा मुलुंडला, सांगली-पुण्याचा वाशी किंवा ऐरोलीला. या कारखान्यांतला जो माल रस्त्याने मुंबईत आला असेल, तो याच वेशींमधून, बॅरिकेडच्या आणि कॅमेऱ्यांच्या समोरून आला असणार. दोरा सापडला तो मात्र गल्लीत, पायी फिरणाऱ्या माणसाच्या खिशात.

रस्त्यावरच पकडलेले मोठे प्रकरण नाही असे नव्हे. ऑक्टोबर २०२१ मध्ये दहिसर चेकनाक्याजवळ गुन्हे शाखेने एक मोटार अडवली आणि तिच्यात काश्मीरहून आणलेले २४ किलो चरस निघाले. चौघांना अटक झाली, त्यांत दोन महिला. मोटारीत कुटुंब बसलेले असले की नाक्यावर कोणी फारसे बघत नाही, यावर भरवसा ठेवूनच असा प्रवास होतो. ही गाडी मात्र चेहरे बघून अडवलेली नव्हती. पोलिसांना आधी खबर होती. खबरी नसता तर ते कुटुंब काश्मीर फिरून आलेले म्हणून हात हलवत घरी गेले असते.

अमेरिकेने हा प्रयोग मोजून बघितला आहे. १९९८ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये इंडियानापोलिस शहराच्या पोलिसांनी खास अमली पदार्थांसाठी सहा वेळा नाके लावले. कुत्रे गाडीभोवती फिरवत. एकूण १,१६१ गाड्या थांबवल्या, १०४ जणांना अटक केली. त्यांपैकी ५५ अटका अमली पदार्थांच्या, उरलेल्या ४९ भलत्याच गुन्ह्यांच्या. म्हणजे शंभर गाड्यांमागे पाचांहून कमी. २००० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे नाके घटनाबाह्य ठरवले. दारूसाठी नाका चालेल, कारण प्यालेला ड्रायव्हर रस्त्यालाच धोका आहे. साध्या गुन्हेशोधासाठी सरसकट सगळ्यांना अडवता येणार नाही, असा त्यांचा भेद. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळजवळ दहा कोटी वाहन-तपासण्यांची नोंद चाळली. अंधार पडल्यावर, चालकाचा वर्ण दिसेनासा झाल्यावर, थांबवलेल्यांमधले कृष्णवर्णीयांचे प्रमाण कमी होते, असे त्यांना आढळले. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांत गांजा कायदेशीर झाल्यावर गाड्यांच्या झडत्या झपाट्याने घटल्या. गाड्या त्याच, रस्ते तेच. झडतीचे निमित्त तेवढे गेले.

आपल्याकडे अटकेचा आकडा कशाने फुगतो? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या न्यायालयांतली २०१७ आणि २०१८ मधली दहा हजारांहून जास्त एनडीपीएस प्रकरणे तपासली. त्यांतली सुमारे ९७ टक्के स्वतःच्या सेवनासाठीची होती. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, सुटायचे, असा शिरस्ता. आणि पकडलेले बहुतेक रोजंदारीवर जगणारे, झोपडपट्टीत किंवा फुटपाथवर राहणारे. यांच्याकडे अडवायला गाडीच नाही! गस्तीच्या गाडीतून काच खाली करून जो दिसतो, तो पकडला जातो. वार्षिक अहवालात चिलमीवाल्याची एक अटक आणि इरळीच्या कारखानदाराची एक अटक यांची बेरीज दोन होते. म्हणून अमली पदार्थांच्या अटका वाढल्या ही बातमी वाचली की, पोलीस कुठे उभे होते, हे मी आधी शोधतो. व्यसन वाढले की घटले, ते त्या आकड्यावरून कळत नाही.

अटक झाली म्हणजे शिक्षा झाली असेही नाही. एनडीपीएस कायदा कठोर आहे, म्हणूनच न्यायालये पोलिसांकडून त्यातल्या पायऱ्या काटेकोर मोजून घेतात. खबर मिळाली तर ती लिहून काढायची आणि ७२ तासांत वरिष्ठाकडे पाठवायची, हे कलम ४२. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर त्याची कारणेही लिहायची. सार्वजनिक जागी आणि सार्वजनिक वाहनात ही अट सैल आहे, ते कलम ४३. मग भर रस्त्यात उभी असलेली खासगी गाडी कशात बसते? हरयाणातल्या एका जीपमध्ये अफूच्या बोंडांचा भुसा सापडला होता. एप्रिल २०२१ मध्ये बूटा सिंग प्रकरणात न्यायमूर्ती उदय लळित आणि के. एम. जोसेफ यांनी सांगितले की, रस्ता सार्वजनिक असला तरी जीप खासगीच राहते. कलम ४२ पाळलेले नाही, सबब आरोपी निर्दोष. माल खरा होता. कागद नव्हता.

यातून पोलिसांना एक मोह होतो. काहीही खबर नसताना नेहमीच्या गस्तीत माल अचानक सापडला, तर खबर लिहिण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे खबर असूनही फिर्यादीत 'गस्त घालीत असताना संशयास्पद हालचाल दिसली' असे लिहून मोकळे व्हायचे. हे वाक्य ज्याने चार खटल्यांचे कागद चाळले आहेत, त्याला पाठ असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. ते मनापासून झाले तर हे वाक्य आणि त्याच्यासोबत येणारे ठरलेले पंच, दोन्ही उघडे पडतील.

अंगझडतीचा नियम आणखी वेगळा आहे. कलम ५० प्रमाणे अंगाची झडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क आहे हे पोलिसाने सांगितलेच पाहिजे. २०१० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विजयसिंह जडेजा प्रकरणात हे पक्के केले. स्त्रीची झडती स्त्रीच घेईल. मात्र हा हक्क अंगापुरता आहे. बॅग, डिकी, सीटखालची जागा त्यात येत नाही.

आणि डिकीत निघालेला माल कोणाचा? २००३ च्या मदनलाल प्रकरणात पाच जण एका मोटारीत होते, ८२० ग्रॅम चरस एका बॅगेतल्या स्टीलच्या भांड्यात होते. सर्वोच्च न्यायालयाने ताबा पाचही जणांचा धरला. मला माहीत नव्हते, हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याला तसे म्हणायचे आहे त्याच्यावर येते. गाडीही अडकते. कलम ६० प्रमाणे जप्त वाहन सरकारजमा होऊ शकते. मालकाने दाखवायचे की त्याला, त्याच्या माणसाला आणि चालकाला पत्ता नव्हता, शिवाय प्रत्येकाने पुरेशी काळजी घेतली होती. जानेवारी २०२५ मध्ये आसाममधल्या एका ट्रकमालकाला सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला. माल ट्रकमधल्या एका प्रवाशाकडे सापडला होता, मालकावर आरोप नव्हता, आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू होते. खटला संपेपर्यंत ट्रक पोलीस ठाण्याच्या आवारात सडवण्यात कोणाचे भले नाही, असे म्हणून तो अटींवर सोडता येतो हे न्यायालयाने मान्य केले.

घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याच्या कडेला, पोलीस ठाण्यांबाहेर, गवत उगवलेल्या रिक्षा आणि टेम्पो पाहिले की मला हे कलम आठवते. उपनगरांत आज पार्सल पोचवून पोट भरणारी पोरे हजारोंनी आहेत, रिक्षावाले ओळखीच्या माणसाची पिशवी बोरिवलीहून मुलुंडला विनामोबदला नेतात, टॅक्सीवाले प्रवाशाची बॅग स्वतः डिकीत ठेवतात. पिशवीवाला मध्येच उतरून गेला आणि पुढच्या नाक्यावर डिकी उघडली, तर गाडीत उरलेला माणूस चालकच असतो. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर एवढे करा: पार्सल घेताना देणाऱ्याचे नाव, फोन नंबर आणि वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवा, पिशवीचा फोटो काढा, आणि आत काय आहे ते दाखवायला जो कुरकुर करील त्याचे भाडे सोडून द्या.